लाइटीतला भुंगा

परवा पुतण्याने ट्रॅक्टरच्या टपावर एलईडी दिव्यांची नवी पट्टी बसवली आणि मला कौतुकाने बघायला बोलावलं. तिन्हीसांजेची वेळ होती. उजेड असा की उसाच्या सऱ्या मोजून घ्याव्यात. मी दिवे छान आहेत म्हणाले आणि मडगार्डवरचा रेडिओ लाव म्हणून सांगितलं. "काकू, रेडिओ कोण ऐकतंय आता," असं पुटपुटत त्याने लावला. स्टेशन लागलं, पण त्याच्यावर एक बारीक गुणगुण चढून बसली होती. दिवे बंद केले की गायब, लावले की पुन्हा हजर. पुतण्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "भुंगा हाय ह्यो," मी म्हणाले, तसा तो माझ्याकडे बघत राहिला, कारण एरवी मी असं बोलत नाही.

ते बोलणं मामांचं; नात्यातले नव्हेत, कारखान्यातले. नव्वदच्या दशकात सांगलीजवळ कुपवाडच्या एका शेडमध्ये मी तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं, आणि त्या तीन वर्षांत त्यांनी मला जितकं छळलं तितकं पुढे सासरीही कुणी छळलं नाही.

मी साताऱ्याची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि माधवनगरला मावशीकडे राहून कुपवाडला नोकरीला लागले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. तिथे ट्रॅक्टरवर लावायच्या ट्यूबलाइट बनायच्या. एलईडीचे दिवे तेव्हा कुणाला ठाऊक? दोन फुटांची ट्यूब, तिच्या पाठीला पत्र्याची पेटी आणि पेटीत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ट्यूब पेटवणारं एक छोटं सर्किट, एवढाच माल. गळिताचा हंगाम आला की तो हातोहात खपायचा. खोट एकच होती. ट्यूब पेटली की आसपासचा रेडिओ गुणगुणायला लागायचा. बहुतेकांना ती खोट वाटतही नसे. मामांना मात्र ती आपल्या घरातल्या कुणी चोरी केल्यासारखी लागायची.

मामा तयार माल तपासायचे. म्हसवडच्या बाजूचे, फौजेत वायरलेसवर नोकरी करून आलेले. कामगार त्यांना सुभेदार म्हणायचे आणि ते प्रत्येक वेळी न कंटाळता दुरुस्त करायचे, "हवालदार. फुकटची बढती नगं."

पहिल्या दिवशी मालकांनी ओळख करून दिली, "ह्या नवीन मॅडम, डिप्लोमा झालेल्या." मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गळ्यात अडकवलेला ट्रान्झिस्टर उचलून माझ्या कानाला लावला आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"काही नाही. नुसती खरखर आहे."

"कसली खरखर? नीट सांगा. ओव्हर."

खरखरीला प्रकार असतात हेच मला माहीत नव्हतं. मी गप्प राहिले. तेही गप्प राहिले. शेवटी मी नाही येत म्हणून मान हलवली, तेव्हा त्यांनी ट्रान्झिस्टर काढून घेतला. "डिप्लोमाला कान शिकवीत न्हाईत व्हय?" म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. मला असा राग आला की त्या दिवशीचा डबा मी बाहेर मोपेडपाशी उभी राहून एकटीने खाल्ला.

हे 'ओव्हर' त्यांचं फौजेतलं. प्रश्न विचारला की शेवटी ओव्हर म्हणायचं आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. चहावाल्याला सांगायचे, "दोन चहा, एक बिनसाखरेचा, ओव्हर." तो चहावाला वस्ताद होता. मुद्दाम काही न बोलता उभा राहायचा. मग ते दोघं एकमेकांकडे बघत उभे, आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून त्या दोघांकडे बघत. शेवटी चहावालाच हरायचा.

वर्षभरात माझे कान तयार झाले. मामांच्या हिशेबी रेडिओतल्या त्रासाच्या तीन जाती होत्या. 'पापड' म्हणजे तडतड. कुठेतरी जोड सैल आहे. 'तळण' डायनामोची, इंजिन रेस केलं की ती वाढते. आणि 'भुंगा' आमच्या ट्यूबलाइटचा. भुंगा सगळ्यात वाईट, कारण तो नेमका स्टेशनावर येऊन बसतो. एसटी स्टँडवर लोक गाडीची पाटी वाचायचे, मामा ट्रान्झिस्टर घेऊन इंजिनापाशी जायचे आणि परत येऊन सांगायचे, "तळण हाय, पन हलकी हाय. चला बसू." माधवनगरच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर तर ते हात आडवा करून थांबवत. डोक्याला टोपी, ताठ पाठ, सरकारी वाटावा असा चेहरा. ड्रायव्हर बिचारा कागदपत्रं काढायला लागायचा. मामा त्याच्या लाइटीपाशी ट्रान्झिस्टर धरायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "जावा. पन लाज वाटू द्या."

लाज खरं तर आम्हाला वाटायला हवी होती, कारण लाइट आमचीच असायची.

मालक भला माणूस होता, म्हणून तर मामा तिथे टिकले. एकदा शंभरेक लाइटी बांधून तयार होत्या आणि मामा त्यावर पासचा शिक्का मारेनात. मालक काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो मामा, साधी गोष्ट आहे. रेडिओ ऐकताना लाइट बंद करायची."

"आन् जेवताना श्वास बंद करायचा."

"तसं नाही हो..."

"आवं मालक, रानात मानूस एकला असतो. त्याला बातम्या, भाव, एखादं भजन, कायतरी नगं का? उजेड दिला म्हनून त्याचं कान काढून घ्यायचं? लाइट बंद कर म्हननारा गिऱ्हाईक असंल, मेकॅनिक नसतोय." आणि वळून मला म्हणाले, "इंजिनेरबाई, तुमीबी ध्यानात ठेवा. उजेड आन् आवाज, दोनी पायजे."

मी ध्यानात ठेवलं. आजतागायत आहे.

भुंगा मारायची त्यांची पद्धत पुस्तकात नव्हती. बॅटरीकडून येणाऱ्या दोन वायरींची ते वेणी घालायचे, आणि त्यांची वेणी माझ्या वेणीपेक्षा नीटस व्हायची. भंगारातल्या रेडिओंमधून काळ्या फेराइटच्या कांड्या काढून त्यावर ती वायर गुंडाळायची. पेटीच्या तोंडाशी एक कंडेन्सर टाकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटी ट्रॅक्टरच्या लोखंडाला उघड्या अंगाने भिडली पाहिजे. जिथे बोल्ट बसणार तिथला रंग ते हॅकसॉच्या तुकड्याने खरवडून काढायचे, खालचं लोखंड चकाकेपर्यंत. "रंग म्हंजे भित. भुंग्याला जमिनीत जायला वाटच घावत न्हाई, मग त्यो रेडिओत शिरतो," असं समजावायचे. इतकं करूनही थोडा भुंगा उरायचाच. तो ट्यूबेतूनच बाहेर पडतो, तिला समोरून जाळी पाहिजे, हे त्यांनी शोधलं. पण जाळी बारीक केली की उजेड अडतो, विरळ केली की भुंगा सुटतो. असे चार-पाच महिने गेले.

मग एका रविवारी ते मावशीकडे चहाला आले. मावशी स्वयंपाकघरात पीठ चाळत होती. मामा कपबशी हातात घेऊन उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि चहा निवेपर्यंत बघत राहिले. "ताई, ही चाळन लय सुरेख हाय. कुठं घेतली? ओव्हर."

चाळणीचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी करत होतं. मावशी हरखली. बाजारातून आणलीय, पाहिजे तर बघायला न्या म्हणाली. सोमवारी सकाळी मी कामावर गेले तर चाळणीची जाळी चौकोनी कापून ट्यूबेपुढे ताणून बसवलेली, आणि ट्रान्झिस्टर लाइटीला टेकवला तरी निवेदकाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मामांनी त्या दिवशी सगळ्या शेडला चहा पाजला. मावशी मात्र ती चाळण शेवटपर्यंत विसरली नाही. मामांचं नाव निघालं की "हो, ते चाळणवाले," एवढंच म्हणायची.

मामी गावाकडे असायच्या. मामा महिन्यातून एकदा जायचे आणि बाजरीची भाकरी, चटणी असं काही माझ्यासाठी घेऊन यायचे, पण ते आपण आणलंय असं कधी म्हणायचे नाहीत. "हिनं दिलंय, नगं म्हनलं तरी," असं म्हणून टेबलावर ठेवायचे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सांगलीच्या रेडिओ केंद्राची माणसं त्यांच्या गावात जात्यावरच्या ओव्या टिपून घ्यायला गेली होती. गावात गिरणी येऊन कैक वर्षं झाली, तरी मामी आणि त्यांच्या चार मैत्रिणी अजून ओव्या म्हणायच्या. मामांनी परत आल्यावर ती हकिगत हसत हसत सांगितली.

"साहेबलोकांनी शाळंत माइक मांडला. झ्याक ऊन पडल्यालं खिडकीतनं. ह्या पाचजनी बसल्या, आन् हिचा आवाजच फुटंना. एक साहेब म्हनतो पानी द्या, एक म्हनतो पंखा लावा. शेवटाला हौसाबाईनं दारं-खिडक्या लावल्या, वर चादरी टाकल्या. अंधार झाला तवा कुठं गळा मोकळा झाला बगा."

मीही खूप हसले होते. पुढे महिन्याभरात मामींना मिरजेच्या दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि "त्यास्नी सांभाळून घे गं" एवढंच म्हणाल्या. श्रावणात त्या गेल्या.

मामा दिवसकार्य उरकून कामावर आले, टेबल पुसलं आणि पहिली लाइट तपासायला घेतली. चारेक आठवड्यांनी त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. रेडिओ केंद्राचं कार्ड होतं, मामींच्या नावाचं. आपल्या ओव्यांचा कार्यक्रम अमुक दिवशी सायंकाळी साडेसातला प्रसारित होईल, आपण अवश्य ऐकावा.

घरात मामींचा एक फोटो होता. आवाज कुठेच नव्हता. आणि आता तो पंधरा मिनिटं हवेतून येणार होता, एकदाच.

मी घाईघाईने म्हणाले, "मामा, इथेच ऐका. केंद्र सांगलीत आहे, खणखणीत येईल. आपण टेपही करून घेऊ."

"टेप नगं."

"का पण?"

"टेप केली तर रोज लावीन. मग ह्यो भुंगा कोन मारंल?" असं म्हणून त्यांनी कार्ड परत पिशवीत घातलं. "एकदाच ऐकनार, पन नीट ऐकनार. आन् गावात ऐकनार. चौघीजनी हायत तिच्याबरच्या. त्यांनीबी सोताला कुठं ऐकलंय?"

त्यांचा सगळा बेत ठरलेला होता. गावात त्या वेळेला वीज नसायची. धाकट्या भावाचा ट्रॅक्टर शाळेच्या पटांगणात आणायचा. त्यावर रेडिओ होता, मोठा कर्णाही होता. ट्रॅक्टरला आमची लाइट लावायची, चाळणीची जाळी बसवलेली, पहिली. बायका समोर सतरंजीवर बसतील. "अंधारात बसून ऐकलं तर दुखवटा झाला," मामा म्हणाले. "दुखवटा सरला. सनासारखं ऐकायचं, उजेडात."

घटस्थापनेच्या आधी ते गावाला जाऊन लाइट बसवून आले. बोल्टाच्या जागा खरवडल्या, रेडिओ लावून बघितला. परत आल्यावर म्हणाले, "ओके रिपोर्ट. डास उडाला तर त्याचा आवाज येतोय, भुंग्याचा न्हाई."

कोजागरी होऊन चार-पाच दिवस झाले होते. मामांनी मला या म्हणून सांगितलं होतं. मी निघाले तर मावशीही निघाली. "माझी चाळण कुठे पोचलीय ते तरी बघते," म्हणाली, पण पिशवीत तिने त्या चौघींसाठी चोळीचे खण घेतलेले मी बघितले होते. विट्यामार्गे एसटीने दिवसभर धूळ खात आम्ही पोचलो, तर पटांगणात ट्रॅक्टर उभा, लालभडक, चकचकीत, बोनेटला झेंडूची माळ. दसऱ्याची पूजा होऊन नऊ-दहा दिवस झाले तरी माळ ताजी होती, म्हणजे आजच्यासाठी नवी घातलेली. मामांचा धाकटा भाऊ फडक्याने मडगार्ड पुसत होता.

अंधार पडला. निम्मं गाव सतरंजीवर येऊन बसलं. हौसाबाई आणि बाकी तिघी पुढे, त्यांच्यामध्ये एका माणसाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. साडेसातला दोन मिनिटं कमी असताना मामांनी रेडिओ लावला. सतार वाजत होती, स्वच्छ. मग त्यांनी लाइटीचं बटण दाबलं.

पटांगण पांढरंशुभ्र झालं आणि कर्ण्यातून भुंगा उठला.

इतका मोठा भुंगा मी त्या तीन वर्षांत ऐकला नव्हता. निवेदक काहीतरी बोलत होता, गावाचं नाव असावं, कळत नव्हतं. मामा पाना घेऊन ट्रॅक्टरवर चढले. वायरी हलवल्या, कंडेन्सर चाचपला, बोल्ट आवळले. भुंगा तसाच. त्याच्या मागे कुठेतरी, भिंतीपलीकडे असावा तसा, बायकांचा आवाज सुरू झाला.

"लागलं गं," हौसाबाई म्हणाली. "आवं भाऊजी, लागलं. ती लाइट घालवा की. आमी काय तोंडं बघाय आलोय व्हय?"

मामांनी ऐकलं नाही. पाना बोल्टावरून पुन्हा पुन्हा निसटत होता. "आलं, आलं, एक मिनिट," ते म्हणत होते, कुणाला ते कळत नव्हतं. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं गेली होती. मामांनी मला शिकवलेली एकच गोष्ट मोडायची होती. मी पुढे झाले आणि लाइट बंद केली.

अंधार झाला आणि मामींचा आवाज आला.

"दळण सरत आलं, सुपात दाणं दोन,
दूर मुलखी माझा राजा, त्याला कळवील कोण..."

ऐन गळ्यातला, जरा घोगरा, कुठेही घाई नसलेला आवाज. मागे जात्याची घरघर होती, ती रेडिओवाल्यांनी मुद्दाम ठेवलेली. पटांगणात पोरंसुद्धा चूप होती. हौसाबाई अंधारात रेडिओबरोबर म्हणायला लागली, मग बाकीच्या तिघी, आणि थोड्या वेळाने कोण कर्ण्यातून म्हणतंय आणि कोण सतरंजीवरून, ते कळेनासं झालं. मला रडू आवरेना. मावशीने माझा हात घट्ट धरला होता, ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती. मामा वर ट्रॅक्टरवरच होते. दिसत नव्हते. एकदाही हलल्याचा आवाज आला नाही.

कार्यक्रम संपला. निवेदकाने पाचही जणींची नावं घेतली, मामींचं पहिलं. मग बायका उठल्या, डोळे पुसत, एकमेकींना धरत घराकडे गेल्या. आम्ही चार माणसं उरलो.

मामांनी बॅटरीचा टॉर्च मागितला. लाइटीचा बोल्ट काढला, खाली बघितलं आणि टॉर्च तसाच धरून राहिले. मीही चढून बघितलं. खरवडलेल्या जागी लाल ऑइलपेंट होता, जाड, गुळगुळीत. वर, खाली, बोल्टाच्या भोकातसुद्धा.

भाऊ खालून म्हणाला, "दादा, खंडेनवमीला मीच लावला. वैनीचा कार्यक्रम हाय म्हनलं, ट्रॅक्टर नवाकोरा दिसाय पायजे. लाइट खोलली, तर खाली रंग उडाल्याला दिसला. दोन-दोन हात मारलं, कुठं बारीक जागाबी सोडली न्हाई." मग त्याला मामांचा चेहरा दिसला असावा. "का? चुकलं का दादा?"

आता मामा काय बोलतात याची मला भीती वाटली. याच माणसाने एका कामगाराला सैल बोल्टावरून आठवडाभर फैलावर घेतलं होतं.

"न्हाई रं," मामा म्हणाले. "रंग चांगला बसलाय."

मग त्यांनी खिशातून हॅकसॉचा तुकडा काढला आणि तो चांगला बसलेला रंग खरवडायला घेतला. मी टॉर्च धरला. बराच वेळ लागला. लोखंड चकाकलं, लाइट बसवली, बटण दाबलं. पटांगण पुन्हा उजळलं, रिकामी सतरंजी दिसली. रेडिओवर बाजारभाव चालू होते. गूळ, हळद, शाळू. एकेक शब्द कोरून काढल्यासारखा, भुंग्याचा मागमूस नव्हता. मावशी ट्यूबेपुढच्या जाळीकडे बघत होती, पण चाळणीचं काही बोलली नाही.

मामा मडगार्डवर बसून हळदीचा भाव ऐकत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, ती अंधारातच गायची. पहाटंचं. मी रजंवर आलो की हातरुनातनं ऐकायचो. उजाडलं की जातं बंद. मग दिसभर शब्द न्हाई."

इंजिनेरबाईची त्या दिवशी मी पोरी झाले.

त्यांनी हात लांब करून लाइट पुन्हा बंद केली.

"दादा, आता भुंगा गेला की," भाऊ म्हणाला.

"गेला. ऱ्हाऊ दे."

आम्ही अंधारात शाळूचा भाव ऐकत बसलो. भाव संपले, निवेदकाने नमस्कार म्हटलं आणि नुसतं स्टेशन राहिलं, कसलाच आवाज नसलेलं. तेव्हा मामा अगदी हळू, कर्ण्याच्या दिशेने, "ओव्हर," म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.